पेटीतले फोटो आणि वंशावळीबाहेरच्या बायका

ठाण्याच्या खोपटमध्ये सध्या घरं रिकामी होत आहेत. एसटी आगाराच्या आसपास, सिद्धेश्वर तळ्याच्या आणि कोलबाडच्या बाजूला जुन्या चाळी, बैठी घरं, तीन-चार मजली इमारती पुनर्विकासाला जात आहेत. करारावर सह्या झाल्या, भाड्याचे चेक हातात पडले की ठरलेल्या मुदतीत घर सोडायचं असतं, आणि तेव्हा पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी कित्येक वर्षांनी खाली येते. तिच्यातली पितळेची भांडी मोडीत जातात किंवा भावाबहिणींत वाटली जातात. जुन्या साड्या बोहारणीकडे जातात. सोन्याच्या पावत्या, विम्याचे कागद वेगळ्या पिशवीत निघतात. मग तळाशी उरतं एक पुठ्ठ्याचं खोकं. त्यात वाळवीने कुरतडलेला अल्बम, कोपरे दुमडलेले काळे-पांढरे फोटो, एखादी गुंडाळलेली जन्मपत्रिका, लग्नाच्या आमंत्रणपत्रिका, न वाचता येणारा मोडी लिपीतला कागद. भाड्याच्या दोन खोल्यांत तीन-चार वर्षं काढायची असताना हे खोकं ठेवायचं कुठे, असा प्रश्न पडतो आणि बऱ्याचदा ते रद्दीत जातं.

सातबारा पुन्हा काढता येतो. शाळा सोडल्याचा दाखला पुन्हा मिळतो. घरातल्या फोटोची मात्र बहुतेक वेळा एकच प्रत असते, आणि निगेटिव्ह तर स्टुडिओबरोबर केव्हाच नाहीशी झालेली असते. शिवाय त्या फोटोत जे असतं ते दुसऱ्या कुठल्याही कागदावर सापडत नाही. आपल्याकडे वंशावळ लिहिण्याची परंपरा जुनी आहे, पण ती बापाकडून मुलाकडे जाते. चार पिढ्यांची वंशावळ उलगडली की गणेश, त्याचा मुलगा विष्णू, त्याचा मुलगा पुन्हा गणेश अशी पुरुषांची उतरंड दिसते. ज्या बायकांच्या पोटी ही माणसं जन्मली त्यांची नावं तिथे नसतात, असलीच तर सासरची असतात. त्याच घराण्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत मात्र पुढच्या रांगेत, खुर्च्यांवर आणि सतरंजीवर, बायकाच बायका बसलेल्या असतात. घराण्याचा अर्धा इतिहास त्या रांगेत आहे. त्यांना नावं देणं हे मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं, आणि पुढे जे लिहिलं आहे ते याच हेतूने.

समजा, पेटीतून एक लग्नातला फोटो निघाला. मागे काहीच लिहिलेलं नाही. पहिला प्रश्न, हा कधीचा?

फोटोचा कागदच बरंच सांगतो. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि पंधरा वर्षांत मुंबईत रुजलीही. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला, त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला सुरू झालेली असल्याने ठाण्याच्या माणसाला मुंबईचे स्टुडिओ दूर नव्हते. ठाण्याच्या एखाद्या जुन्या घरात मुंबईतल्या स्टुडिओचं नाव छापलेला पुठ्ठा निघाला तर नवल वाटायला नको.

एकोणिसाव्या शतकातले फोटो बहुतेक अल्ब्युमिन कागदावरचे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला हा कागद फार पातळ असल्याने तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. आज तो पिवळट-तपकिरी दिसतो. व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचा, म्हणजे साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटर पुठ्ठ्याचा फोटो १८६० नंतरच्या काही दशकांतला असण्याची शक्यता मोठी. त्याहून मोठा, साधारण अकरा बाय साडेसोळा सेंटिमीटरचा ‘कॅबिनेट’ पुठ्ठा १८६६ नंतरचा. विसाव्या शतकात जिलेटिनचा लेप दिलेला कागद सर्रास झाला. त्याच्या गडद भागांवर, विशेषतः कडांना, तिरकं धरलं की निळसर चंदेरी झाक दिसते. फोटोच्या मागे पोस्टकार्डासारखी पत्त्याची रेघ छापलेली असेल तर तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला असू शकतो. नागमोडी कातरलेल्या कडा साधारण १९३० ते १९६० च्या दशकांतल्या. आणि लहान, चौकोनी, प्रत्येक बाजू सहा सेंटिमीटरच्या आतबाहेरची असलेला फोटो दिसला की बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा आठवावा. एका रोलमध्ये बारा फोटो देणाऱ्या या कॅमेऱ्याने १९६० आणि ७० च्या दशकांत मध्यमवर्गीय घरातला फोटो स्टुडिओतून बाहेर, गच्चीवर आणि चाळीच्या गॅलरीत आणला. रंगीत फोटो लालसर पडला असेल तर त्यातला निळा-हिरवा रंग उडाला आहे. १९७० च्या दशकातल्या पुष्कळ रंगीत कागदांची हीच गत झाली आहे.

कपड्यांवरून काळ ठरवताना मात्र सावध असावं. पुरुषांची पगडी, काळी टोपी, गांधी टोपी आणि मग उघडं डोकं असा क्रम ढोबळमानाने खरा आहे, पण सत्तरीतले आजोबा आपल्या तरुणपणातलाच पोशाख शेवटपर्यंत घालत. नऊवारी तर आजही नेसली जाते. कपडे काळाची एक बाजू सांगतात, दुसरी सांगत नाहीत. त्यापेक्षा चित्रातल्या आणि पुठ्ठ्यावरच्या अक्षरांकडे बघा. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. रेल्वेत असलेल्या आजोबांच्या बिल्ल्यावर ‘जीआयपी’ असेल तर तो बिल्ला नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण तेव्हा जीआयपी रेल्वेची मध्य रेल्वे झाली. मागे उभ्या स्कूटरच्या पाटीवर ‘एमएच ०४’ दिसत असेल तर फोटो १९८९ च्या अलीकडचा. एसटीतल्या माणसाचा गणवेशातला फोटो असेल तर तो १ जून १९४८ च्या पुढचा, कारण त्या दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. खोपटसारख्या वस्तीत, जिथे एसटी, रेल्वे, वागळे इस्टेटचे कारखाने आणि रेमंडची गिरणी यांवर पिढ्या पोसल्या गेल्या, तिथे असे बिल्ले, गणवेश आणि कारखान्याच्या फाटकासमोर काढलेले गटफोटो घरोघरी निघतात.

काळ ठरला. आता माणसं.

इथे कोणतंही ॲप कामाचं नाही. घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती गाठायची आणि तिच्याजवळ बसायचं. फोटोची मोठी प्रत काढून घ्यावी, प्रत्येक चेहऱ्यावर पेन्सिलीने आकडा टाकावा, आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत गप्पा माराव्यात. “ही कोण?” असं थेट विचारलं तर “आठवत नाही गं आता” एवढंच उत्तर येतं. “आजी, ह्या लग्नात पंगत कोणाच्या अंगणात बसली होती?”, “तुमच्याबरोबर पाठराखीण कोण आली होती?”, “ह्या बाईंच्या हातचं काय चांगलं व्हायचं?” असं विचारलं की नावं आपोआप निघतात. स्मृती नावापेक्षा जागेला, प्रसंगाला, चवीला धरून राहते. दोन नात्यातल्या बायकांना एकत्र बसवलं तर आणखी उत्तम. एकीचं विसरलेलं दुसरी सांगते, आणि जिथे त्यांचा वाद होतो तिथे दोघींची उत्तरं लिहून ठेवावीत.

ही नावं लिहिताना एक गाठ येते. लग्नानंतर तांदळात नवं नाव लिहिण्याच्या चालीमुळे एका बाईला दोन नावं असतात, आणि आडनाव बदलल्याने ती कागदोपत्री वेगळीच व्यक्ती होते. माहेरी कुसुम, सासरी लक्ष्मी, आणि सगळ्या पुतण्या-भाच्यांसाठी माई. यांपैकी एकच नाव लिहिलं तर पुढच्या शोधाची वाट बंद होते. म्हणून प्रत्येक बाईपुढे चार गोष्टी लिहाव्यात. माहेरचं पूर्ण नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव आणि माहेरचं गाव. पुरुषांच्या बाबतीत अडचण उलटी. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची पद्धत असल्याने एकाच घरात दोन-तीन ‘गणेश विष्णू’ निघतात. त्यांना वेगळं ओळखायचं तर जन्मसाल किंवा बायकोचं नाव जोडावंच लागतं. म्हणजे इथेही बायकोचं नाव उपयोगी पडतं.

आजीच्या आठवणीत साधारण तीन पिढ्या असतात. त्यामागे जायचं तर कागद लागतात, आणि त्यांतला पहिला पेटीतच असतो. तो म्हणजे जन्मपत्रिका. तिच्यात शके असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि तिथी जानेवारीपासून पाडव्याआधीपर्यंतची असेल तर ७९. पत्रिका फाटून शके गेलं असेल तरी संवत्सराचं नाव उरलेलं असतं. साठ संवत्सरांचं चक्र पुन्हा पुन्हा येतं. शके १९४७, म्हणजे गुढीपाडवा २०२५ पासूनचं वर्ष, विश्वावसू संवत्सर होतं. तेव्हा पत्रिकेत नुसतं ‘विश्वावसू’ दिसलं तर जन्म १९६५-६६ चा किंवा १९०५-०६ चा. फोटोतल्या वयावरून त्यातलं कोणतं ते ठरतं. पत्रिका मुलींचीही मांडली जात असल्याने तिच्यात माहेरच्या नावाने नोंदलेली मुलगी सापडते. शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली लाखो माणसं महाराष्ट्रात आहेत.

पेटीबाहेरचे कागद गावाकडे असतात. खोपटमधली बरीच घरं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातून किंवा घाटावरून आलेली. गावच्या तलाठ्याकडचा सातबारा आणि फेरफार, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर ही नावं २०२३ पर्यंत मुख्यतः महसूल खात्यातल्या लोकांना आणि वकिलांना माहीत होती. त्या सप्टेंबरमध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतलं जुनं दप्तर बाहेर निघालं. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं मत काहीही असो, सामान्य घरांनी आपल्या पणजोबांचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा पाहिलं ते या शोधामुळे. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या सोयीतही जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन स्वरूपात बघता येतात, आणि सुरुवातीला निवडलेल्या मोजक्या जिल्ह्यांत ठाणे होता.

फेरफारातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जमिनीचा धनी वारला की वारस नोंद होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही त्यात येऊ लागली. मग पुष्कळ घरांत बहिणींनी भावांच्या बाजूने हक्कसोड पत्र करून दिलं, आणि तसा फेरफार झाला. त्या नोंदीत प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव आणि बऱ्याचदा गावही असतं. ज्या कागदावर तिने जमिनीवरचा हक्क सोडला त्याच कागदावर तिचं नाव टिकलं. वंशावळीत न सापडणाऱ्या आत्या आणि आजोबांच्या बहिणी शोधायच्या असतील तर हक्कसोडीचे फेरफार आधी काढा. याउलट कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत अनेकदा बापाचं नाव आणि ‘मुलगा’ की ‘मुलगी’ एवढंच सापडतं.

जुना कागद वाचताना जिल्ह्याच्या नावाने फसू नये. ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे आजचा ठाणे जिल्हा नव्हे. १८६९ पर्यंत कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, ठाण्यातच मोडत असे. वांद्रे, अंधेरी ही गावं साष्टी तालुक्याच्या ज्या भागात होती तो १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा होईपर्यंत ठाण्याकडे होता. आणि पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्यामुळे ‘जिल्हा ठाणे’ एवढ्यावरून मूळ गाव ठाण्याच्या आसपास शोधणारा माणूस चुकीच्या तहसीलदार कचेरीत जाऊन बसतो. १८८२ साली निघालेल्या बॉम्बे गॅझेटियरच्या ठाणे खंडात तालुके, गावं आणि जातीजमातींची त्या वेळची माहिती आहे, ती इंटरनेटवर मोफत वाचता येते. गावाच्या नावाचं जुनं स्पेलिंग शोधायला ती फार उपयोगी.

मोडीची अडचण खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसुली आणि घरगुती लिखाण सर्रास मोडीत होई. ही लिपी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या १९१० पासून काम करणाऱ्या संस्थेमुळे मोडी वाचणाऱ्यांची परंपरा तुटलेली नाही, आणि मोडीचे वर्ग अनेक शहरांत चालतात. घरातल्या एखाद्या मुलाने नेटाने सराव केला तर नावं आणि तारखा ओळखण्याइतकी मोडी त्याला नक्की येईल.

काही घराण्यांसाठी तीर्थक्षेत्रं हेच दप्तर आहे. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावानुसार लावलेल्या नामावळी असतात. कोण कधी आला, बरोबर कोण होतं, कोणाच्या अस्थी आणल्या, हे तिथे लिहिलेलं असतं, कधी आलेल्या माणसाच्या सहीसकट. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बैल घेऊन दारी येणारा हेळवी घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो आणि नव्या जन्मांची नोंद आपल्या वहीत करतो. छापील कुलवृत्तांतांची परंपराही मोठी आहे, पण ती मुख्यतः काही मोजक्या जातींपुरती राहिली. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरओळखच नाकारली गेली त्यांच्या घरात कुलवृत्तांत कुठून येणार? त्यांच्यासाठी फोटो आणि सरकारी रजिस्टर हेच दोन आधार आहेत, म्हणून त्यांच्या पेटीतला फोटो आणखी मोलाचा.

ठाण्यात याहून निराळी दप्तरंही आहेत. मासुंदा तळ्याजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची परंपरा पोर्तुगीज काळापर्यंत जाते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाबरोबर आईचंही नाव लिहिण्याची रीत असल्याने ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांची वंशावळ आईच्या बाजूनेही शोधता येते. १८७९ साली बांधलेलं ठाण्याचं सिनेगॉग हे बेने इस्रायली ज्यू समाजाचं केंद्र. पेणकर, रोहेकर अशी गावावरून पडलेली त्यांची आडनावं थेट कुलाब्याच्या खेड्यांपर्यंत नेतात. १९४८ नंतर त्यांच्यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे जन्मलेल्या नातवाला आपल्या घराण्याचा माग काढायचा असेल तर त्याला मराठी वाचता आली पाहिजे.

आता संगणकाकडे येऊ. पहिलं काम स्कॅनिंग. लहान फोटो ६०० डीपीआयवर, मोठे ३०० वर, काळा-पांढरा असला तरी रंगीत मोडमध्ये, आणि मूळ प्रत टिफ स्वरूपात. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, शिक्का आणि हस्ताक्षर तिथेच असतात. स्कॅनर नसेल तर मोबाइलवर गुगलचं फोटोस्कॅन चालतं. एकाच फोटोचे अनेक कोनांतून तुकडे घेऊन ते चमक काढून टाकतं. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकटच स्कॅन करावा. लॅमिनेशन तर कधीच करू नये. १९७०-८० च्या दशकांतल्या चिकट पानांच्या अल्बममधला गोंद फोटो खातो. त्यातले फोटो दात साफ करायच्या दोऱ्याने, म्हणजे डेंटल फ्लॉसने, हलके सोडवता येतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि त्याच्याशी जोडलेली माहितीही गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. आणि प्रती तीन ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

वंशावळ मांडायला ग्रॅम्प्स हा मोफत, मुक्त प्रोग्रॅम माझ्या मते सर्वांत चांगला. तो आपल्याच संगणकावर चालतो, देवनागरीत नावं घेतो, एका व्यक्तीला अनेक नावं देऊ देतो आणि प्रत्येक नोंदीला पुरावा जोडू देतो. फॅमिलीसर्च ही अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन चर्चची मोफत सेवा आहे. हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा तिच्याकडे आहेत. तिथलं वंशाचं झाड मात्र सगळ्यांचं सामाईक असतं, अनोळखी माणूसही त्यात बदल करू शकतो. मायहेरिटेज ही २००३ साली सुरू झालेली इस्रायली कंपनी सशुल्क आहे. कुठलीही सेवा निवडा, पण जेडकॉम या सर्वमान्य स्वरूपात फाइल बाहेर काढता येते का ते आधी पाहा. १९८४ पासून चालत आलेल्या या स्वरूपामुळे एका प्रोग्रॅमची वंशावळ दुसऱ्यात जाते. कंपनी बंद पडली तर आपलं काम तिच्याबरोबर बुडू नये.

आपल्या घरांची रचना या प्रोग्रॅमना नेहमी पचत नाही. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर झाडाच्या दोन फांद्या पुन्हा एकत्र येतात. दत्तक गेलेला मुलगा एका घरात जन्मतो आणि दुसऱ्याच्या वंशावळीत नाव लावतो. दोन्ही नाती नोंदवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असते, फक्त ती वापरावी लागते. जन्मदात्रीचं नाव गाळून दत्तक घरच्याच आईचं नाव लिहिलं की एक बाई पुन्हा पुसली जाते.

चेहरे ओळखणारी, फोटो रंगवणारी, हलवणारी साधनं आकर्षक आहेत. मायहेरिटेजने फेब्रुवारी २०२१ मध्ये जुन्या फोटोतला चेहरा मान वळवून हसताना दाखवायला सुरुवात केली आणि जगभर लोकांचे डोळे पाणावले. पण ते हसू यंत्राने दुसऱ्या कुणाच्या तरी हालचालीवरून बसवलेलं असतं. रंगवणारं यंत्र लुगड्याचा रंग अंदाजाने भरतं. पणजीचं लुगडं अंजिरी होतं की हिरवं, हे त्याला ठाऊक असणं शक्यच नाही. अंधुक चेहरा स्पष्ट करणारं यंत्र तर सरळ नवा चेहरा रचतं, आणि पुढच्या पिढीला तोच खरा वाटू लागतो. अशा प्रतीवर ‘यंत्राने रंगवलेली’ असं स्पष्ट लिहावं आणि मूळ स्कॅनला हात लावू नये. सख्ख्या बहिणी आणि मावशी-भाच्या यांच्यात चेहरे ओळखणाऱ्या साधनांची गल्लत होते, तेव्हा त्यांचं उत्तर सूचना म्हणून घ्यावं. हयात माणसांचे फोटो आणि जन्मतारखा परवानगीशिवाय सार्वजनिक झाडावर टाकू नयेत. डीएनए चाचणीबद्दलही हाच सावधपणा हवा. ट्वेंटीथ्री अँड मी या नावाजलेल्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. चार पिढ्यांच्या मराठी वंशावळीसाठी थुंकीची बाटली परदेशी पाठवण्याची काही गरज नाही.

फोटो आणि नोंदवह्या एकत्र आल्या तर काय साधतं याचं मोठं उदाहरण मॉरिशसमध्ये आहे. १८३४ पासून तिथे गिरमिटिया मजूर नेले गेले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मराठी माणसांची संख्या बरीच होती. बंदरावर उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळाला. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, सगळं लिहिलं गेलं, आणि १८६० च्या दशकापासून छायाचित्रंही काढली जाऊ लागली. ती मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत, आणि आजचे मराठी मॉरिशसवासी त्यांच्या आधारे कोकणातलं गाव शोधत येतात. हे सगळं मळेवाल्यांना मजुरांवर पहारा ठेवता यावा म्हणून झालं, हे विसरता कामा नये. तरीही त्या रजिस्टरात बाईला तिचा स्वतःचा क्रमांक आहे. गावी राहिलेल्या तिच्या बहिणीची कुठे ओळसुद्धा नसेल.

आपल्याकडे आता उशिराने का होईना, बदल होतो आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहिणं महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केलं आहे. या मुलांची नातवंडं आपल्या आज्या सहज शोधतील. त्याआधीच्या बायकांसाठी मात्र ही सोय नाही. त्यांच्यासाठी काम आपल्यालाच करायचं आहे. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या इंडियन मेमरी प्रोजेक्टमध्ये भारतभरच्या घरांतले जुने फोटो आणि त्यांच्या कहाण्या एकत्र आल्या आहेत. एका घराचा फोटो नीट माहितीसकट ठेवला तर तो समाजाचा इतिहास होतो, हे तिथे दिसतं.

तेव्हा घर सोडण्याची नोटीस हातात पडली असेल, किंवा पडणार असेल, तर पेटी आधी उघडा. फोटो वेगळे काढा, जाड कागदाच्या जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने आणि प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत फोटोंच्या बाबतीत वेगळ्या कागदावर नावं लिहा. बॉलपेन वापरू नका. आणि या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिच्या आईचं माहेरचं पूर्ण नाव आणि गाव विचारून लिहून घ्या. ते सांगू शकणारी घरात बहुधा ती एकटीच उरली असेल.